लोखंडी शिल्प बनवून घेण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहिती

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपचं रोजचं काम म्हणजे मशीनचे गार्ड, इलेक्ट्रिक पॅनलच्या पेट्या आणि टाक्या. अलीकडे मात्र आर्किटेक्ट आणि बंगलेवाले वेगळीच ड्रॉइंग घेऊन येतात: बागेत ठेवायला लोखंडी घन, लॉबीत उभी प्लेट, भिंतीवर एकाखाली एक पेट्या. कोटेशन हातात पडलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "अहो, नुसता डबा तर आहे, एवढे पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

ही कल्पना कुठली

नक्षी नसलेल्या, साध्या भौमितिक आकारांच्या या शैलीला मिनिमलिझम म्हणतात. १९६० च्या दशकात ती मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये रुजली. शिल्पकार टोनी स्मिथ यांनी १९६२ मध्ये न्यूजर्सीतल्या एका वेल्डिंग कंपनीला चक्क फोनवर ऑर्डर दिली: सहा फुटी घन, पाव इंची हॉट रोल्ड (तापवून लाटलेली) प्लेट, आतून तिरपे आधार. शिल्पाचं नाव 'डाय'. तो आणखी मोठा का नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले, मी स्मारक करत नव्हतो. मग लहान का नाही? तर, मी वस्तू करत नव्हतो. शिल्पकार डोनाल्ड जड आपल्या पेट्या न्यूयॉर्कच्या बर्नस्टीन ब्रदर्स या पत्रेकाम करणाऱ्या दुकानातून करून घेत. भिंतीवर एकावर एक लावलेल्या त्यांच्या पेट्यांमध्ये पेटीची उंची नऊ इंच असेल, तर मधली मोकळी जागाही नऊच इंच. डॅन फ्लेविन आपल्या कलाकृतींसाठी बाजारात मिळणाऱ्या ट्यूबलाइट वापरत. रेल्वेत ब्रेक्समन (गाडीचे ब्रेक सांभाळणारा) म्हणून काम केलेल्या कार्ल आंद्रे यांनी १९६६ मध्ये १२० भट्टीच्या विटा जमिनीवर नुसत्या रचल्या. लंडनच्या टेट गॅलरीनं ते काम १९७२ मध्ये विकत घेतलं आणि १९७६ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'विटांवर जनतेचा पैसा उधळला' म्हणून रान उठवलं. तेव्हा 'एवढे पैसे कशाचे' हे विचारणारे तुम्ही पहिले नाही.

पैसे जातात कुठे

नक्षीच्या गेटमध्ये वेल्डिंगचा एखादा ओबडधोबड टाका पानाफुलांआड लपतो. उरलंसुरलं लांबी (पुट्टी) आणि रंग झाकून टाकतात. साध्या घनावर लपायला जागाच नसते.

वेल्डिंगच्या उष्णतेनं प्लेट प्रसरण पावते, थंड होताना आकसते आणि आकसताना शेजारचा भाग ओढून घेते. दोन फुटी सपाट बाजूला अशानं पोट येतं. हाताला ते जाणवणारही नाही, पण संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की पृष्ठभागावर लाटा दिसतात. म्हणून अशा कामाला आम्ही शक्यतो तीन मिलिमीटरचा पत्रा वापरत नाही. सहाची प्लेट घेतो, आतून पट्ट्या देतो, आधी सगळीकडे टॅक (वेल्डिंगचे छोटे, तात्पुरते टाके) मारतो, दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत का पाहतो आणि मग समोरासमोरच्या कडांवर थोडं थोडं वेल्डिंग करत, मध्ये गार होऊ देत पुढे सरकतो. इथे घाई केली की घन गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहत नाही.

खरी कसोटी त्यानंतर. टाका घासून सपाट करताना ग्राइंडर जरा जास्त दाबला, तर कड तेवढ्याच ठिकाणी गोल होते आणि ती पुन्हा धारदार करायची तर भर घालून सगळं पहिल्यापासून घासावं लागतं. पत्रा वाकवून कोपरा केला तर वेल्डिंग वाचतं, पण बाहेरून गोलाई राहते. ती नको असेल तर वाकवण्याआधी आतून इंग्रजी व्ही आकाराची खाच काढावी लागते. लेझरवर सहा बाजू कापून व्हायला फार वेळ लागत नाही. बाराही कडा एकसारख्या करणारा कारागीर मात्र दिवसचे दिवस त्यातच असतो आणि बिलातला मोठा आकडा त्याच्या हाताचा आहे. ऑर्डर पक्की करण्याआधी आमच्याकडे एका कोपऱ्याचा नमुना करून मिळतो. तो उन्हात धरून बघा.

कोणता धातू, कुठे

सगळ्यांना कॉर्टेन हवं असतं, गंजाच्या रंगाचं. तांबं, क्रोमियम वगैरे थोड्या प्रमाणात असलेलं हे पोलाद अमेरिकेत १९३० च्या दशकात रेल्वेच्या वाघिणींसारख्या कामांसाठी बाजारात आलं. त्यावर धरणारा गंजाचा घट्ट थर आतल्या धातूची झीज मंदावतो. पण तो थर नीट बसायला आलटून पालटून ओलं आणि कोरडं हवामान लागतं. पुणे, नाशिक, संभाजीनगरला काही अडचण नाही. अलिबाग, रत्नागिरी किंवा गोव्यात समुद्राजवळ मात्र आम्ही कॉर्टेनची ऑर्डर घेत नाही. खारट हवेत तो थर टिकत नाही आणि गंज आत खात जातो. महाबळेश्वरसारख्या सतत ओल्या जागीही आम्ही आधी नाहीच म्हणतो. शिवाय सुरुवातीचे एक-दोन पावसाळे तांबूस पाणी ओघळतं. खाली पांढरी फरशी असेल तर डाग पडणार, आणि ते निघत नाहीत.

किनाऱ्यालगत ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. अॅल्युमिनियम हलकं आणि देखणं, पण कोऱ्या पृष्ठभागावर बोटांचे ठसे उमटतात. घरात लहान मुलं असतील तर अॅनोडाइज करून (विजेच्या प्रक्रियेनं वर कठीण थर चढवून) घेतलेलं बरं.

वजन, जागा, पाणी

सहा मिलिमीटर प्लेटचा दोन फुटी घन सुमारे १०० किलो भरतो, अॅल्युमिनियमचा साधारण ३५. गच्चीवर ठेवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. जाण्यायेण्याच्या वाटेचाही विचार करा. शिल्पकार रिचर्ड सेरा यांची १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी चौकात उभी राहिली. चौक ओलांडायला वळसा पडतो अशी तिथल्या कर्मचाऱ्यांची तक्रार होती. वाद कोर्टापर्यंत गेला आणि १९८९ मध्ये ती काढली.

डोनाल्ड जड किंवा रिचर्ड सेरा यांच्या कामाची हुबेहूब नक्कल आम्ही करून देत नाही. माप, प्रमाण, धातू तुमचे ठरवा, मदत आम्ही करू.

चौकशी करताना जागेचे सकाळ-संध्याकाळचे फोटो, गेटची रुंदी आणि लिफ्टचं माप पाठवा. उघड्यावरच्या प्रत्येक पेटीच्या तळाला आम्ही पाणी निघायला भोक ठेवतो. माळ्याला सांगून ठेवा, चिखल दिसला म्हणून ते बुजवू नये.