पेट्रोल कॉक वेगळा, नीडल वेगळी

"कार्बोरेटरला नवी नीडल टाकली आहे, आता कॉक बंद करायची गरज नाही." विंटेज गाडी नव्यानं घेतलेल्या लोकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं, आणि ते ऐकलं की मला त्या गाडीची खरोखर काळजी वाटते. कार्बोरेटरमधल्या फ्लोटवरची (तरंगत्या डबीवरची) नीडल, म्हणजे पेट्रोल आत येण्याच्या भोकावर बसणारी सुई, आणि टाकीखालचा पेट्रोल कॉक, म्हणजे हातानं बंद करायची तोटी, ही दोन वेगळ्या कामांसाठी बसवलेली दोन वेगळी यंत्रं आहेत. एक चांगलं आहे म्हणून दुसऱ्याला सुट्टी देता येत नाही.

प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या घरी होती, त्यांना पंपवाली गाडी नीट माहीत आहे. टाकी मागे, पंप इंजिनाच्या अंगावर. इंजिन फिरलं की पंप पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरला देतो. इंजिन थांबलं की पंपही थांबतो. नळीत उरेल तेवढंच पेट्रोल शिल्लक. अशा गाडीत नीडल थोडी झिरपत असली तरी रात्रभरात फारसं काही घडत नाही, आणि म्हणूनच कॉक बंद करायची सवय पद्मिनीवाल्यांना कधी लागली नाही. बजाज स्कूटरवाल्यांना ती होती, कारण स्कूटरची टाकी सीटखाली, कार्बोरेटरच्या वर असे.

१९२८ ते १९३१ या काळातली फोर्ड मॉडेल ए घ्या. हिची टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्ड आणि बॉनेट यांच्या मध्ये. साधारण १० अमेरिकन गॅलन, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास पेट्रोल तुमच्या गुडघ्यांच्या वर. कार्बोरेटर खाली, मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीला) लटकलेला. पंप नाहीच, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनचीही हीच तऱ्हा. फोर्डच्याच मॉडेल टीची टाकी तर बहुतेक वर्षं पुढच्या सीटखाली होती, त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असलं की लोक उभा चढ रिव्हर्समध्ये चढत. १९२०च्या दशकातल्या ज्या गाड्यांत ऑटोव्हॅक असतो, म्हणजे मागच्या टाकीतलं पेट्रोल व्हॅक्यूमनं ओढून बॉनेटखालच्या छोट्या टाकीत साठवणारं यंत्र, त्यांतही शेवटचा टप्पा गुरुत्वाचाच. फक्त सांडायला पेट्रोल कमी.

आता खरा मुद्दा. फ्लोट आणि नीडल यांचं काम पातळी राखण्याचं आहे, बंद करण्याचं नाही. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटवाटे (इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक छिद्रातून) कमी होतं, फ्लोट खाली जातो, नीडल तिच्या सीटवरून (ती ज्या भोकाच्या काठावर टेकते तिथून) उचलली जाते, पेट्रोल आत येतं, फ्लोट पुन्हा वर. चालत्या गाडीत हे अखंड चालू असतं, आणि नीडल किंचित झिरपत असेल तरी इंजिन तेवढं पिऊन टाकतं. म्हणजे झिरपणारी नीडल चालत्या गाडीत दिसतच नाही! गाडी छान चालते म्हणून नीडल चांगली, हा निष्कर्ष त्यामुळेच चुकतो. इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल व्हॉल्व्ह आठवा: रोज वापर आहे तोवर तो बरा वाटतो, सगळे गावाला गेले की ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागते. सोसायटीत कुणी त्या बॉल व्हॉल्व्हच्या भरवशावर मेन कॉक काढून टाकत नाही.

गुरुत्वाच्या गाडीत नीडलवर दाब किती असतो? पेट्रोलचा अर्ध्या मीटरचा स्तंभ धरला तर जेमतेम अर्धा पीएसआय (चौरस इंचावर अर्धा पौंड). टाकी भरलेली असेल तर थोडा जास्त. पंपवाल्या गाडीत हाच आकडा दोन ते चार. अर्धा पीएसआय म्हणजे क्षुल्लक, असं वाटतं. पण हा दाब थांबत नाही. इंजिन बंद, दिवे बंद, तुम्ही झोपलेले, आणि नीडलच्या डोक्यावर तो दाब तसाच, मागे अख्खी टाकी उभी. सेकंदाला एक थेंब झिरपला तरी रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर येतं.

आणि नीडल झिरपायला झिजलेलीच असायला हवी असंही नाही. नव्वद वर्षांच्या टाकीतून गंजाचा एक कण सुटला आणि सीटवर बसला की संपलं. काल रात्री थेंब पडला नाही म्हणजे आज पडणार नाही, असं नाही. शिवाय सीटखाली एक वॉशर असतो. तो गळत असेल तर पेट्रोल नीडलला वळसा घालून आत येतं आणि तुम्ही तीन नव्या नीडल बदलल्या तरी फरक पडत नाही. फ्लोटच्या डाग दिलेल्या (सोल्डरच्या) सांध्याला बारीक छिद्र असेल तर तो हळूहळू जड होतो आणि नीडल नीट दाबतच नाही. गाडी उतारावर कलती उभी असेल तर फ्लोट चेंबरमधली पातळीच वेगळी होते. यातलं काहीही कॉकला लागू नाही. कॉक वाट पूर्ण अडवतो. तो पातळी मोजत नाही, तरंगत नाही, कलत नाही.

सांडलेलं पेट्रोल जातं कुठे, हे गाडीगणिक बदलतं. मॉडेल एचा झेनिथ कार्बोरेटर अपड्राफ्ट आहे, मिश्रण खालून वर जातं. त्यामुळे जादा पेट्रोल बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या तोंडातून खालच्या पत्र्यावर पडतं. आत गेलं नाही, बरं झालं, असं लोक म्हणतात. पण बंद गॅरेजमध्ये पत्र्यावर साचलेलं पेट्रोल आणि सकाळी स्टार्टर मारताना उडणारी ठिणगी, याला बरं कसं म्हणायचं? आडव्या किंवा डाउनड्राफ्ट कार्बोरेटरच्या गाडीत ते मॅनिफोल्डमधून, ज्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात उतरतं. तिथून पिस्टनच्या रिंगांवाटे खाली इंजिनाच्या ऑइलमध्ये. सिलिंडर भरलेला असताना स्टार्टर मारला तर द्रव दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

चोक जास्त ओढून इंजिन ओलं होणं ही निराळी गोष्ट. तिथे दोष सवयीचा असतो: चोक आत ढकला, थ्रॉटल उघडा, थोडं थांबा, पुन्हा मारा. त्यात नीडलचा काही संबंध नाही.

मॉडेल एवाल्यांचा आणखी एक घोळ इथेच मिटवतो. चोकचा जो दांडा आहे तो ओढला की चोक लागतो आणि फिरवला की मिश्रण कमीजास्त होतं. तो फिरवून घट्ट बंद केला म्हणजे पेट्रोल बंद झालं, असं समजणारे बरेच आहेत. तो स्क्रू इंजिनाला मिळणारं जादा पेट्रोल ठरवतो; टाकीतून फ्लोट चेंबरमध्ये येणाऱ्या पेट्रोलशी त्याचं काही देणंघेणं नाही. कॉक वेगळा आहे. मॉडेल एच्या बहुतेक गाड्यांत तो आत, डॅशबोर्डखाली टाकीला लागून असतो. १९३१च्या शेवटच्या गाड्यांत तो इंजिनाच्या बाजूला गेला.

तपासणी दोन्हींची करा, पण वेगवेगळी. आधी कॉक बंद करून कार्बोरेटरकडचं युनियन (नळीचा आट्यांचा जोड) सोडा आणि खाली काचेची बरणी धरा. नळीत उरलेलं येईल, मग एकही थेंब यायला नको. येत असेल तर कॉक दुरुस्त केल्याशिवाय पुढची चर्चा व्यर्थ आहे. मग युनियन बसवा, कॉक उघडा, इंजिन न लावता कार्बोरेटरखाली कोरडा पुठ्ठा ठेवून अर्धा तास थांबा. पुठ्ठा ओला झाला तर नीडल, सीटचा वॉशर, फ्लोट या क्रमानं बघा. हे सगळं उघड्यावर, बॅटरीची वायर काढून. नीडल खराब निघाली तर नीडल आणि सीटची जोडी नवी घ्या. जुनी नीडल व्हॉल्व्हच्या पेस्टनं घासून बसवणाऱ्या मिस्त्रींना थांबवा; घासून नीडलवर खाच पडते आणि ती पुन्हा कधीच नीट बसत नाही.

पेट्रोल पंपांवर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या कार्बोरेटरमध्ये कॉर्कचा फ्लोट असेल तर हा मुद्दा गंभीर आहे. कॉर्कवर पूर्वी लाखेचा थर देत. लाख इथेनॉलमध्ये विरघळते. थर गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो, आणि नीडल उघडीच राहते. फ्लोट बदला किंवा इथेनॉलला टिकणारा थर द्या.

इलेक्ट्रिक पंप लावून "सुधारणा" करणं मला अजिबात पसंत नाही. गुरुत्वावर चालणाऱ्या कार्बोरेटरच्या सीटचं भोक मोठं असतं, कारण दाब कमी आहे. त्याच भोकावर चार पीएसआय आणून सोडले की फ्लोटला नीडल दाबून धरणं जमत नाही आणि ज्या ओव्हरफ्लोवर उपाय शोधत होता तो तुम्ही स्वतः विकत आणता. कागदी फिल्टरही नको. एवढ्याशा दाबात पेट्रोल त्यातून धड उतरत नाही. मूळची जाळी आणि गाळ बसायची वाटी पुरेशी आहे, फक्त ती साफ करत जा.

विसरण्याची भीती असेल तर इग्निशनवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेनं उघडणारा कॉक) लावायला माझी हरकत नाही, पण तो थेट उघडणारा हवा. बाजारात मिळणारे पुष्कळसे व्हॉल्व्ह स्वतः उघडण्यासाठी लाइनमधल्या दाबाची मदत घेतात, आणि अर्ध्या पीएसआयवर ते उघडतच नाहीत. शेतीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह तर मुळीच नको, त्यांचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. मॉडेल एला ६ व्होल्टची कॉइलही शोधावी लागेल. आणि सोलेनॉइड असला तरी हाताचा कॉक जागेवर राहू द्या.

रोजची पद्धत सोपी आहे. गाडी दोनचार दिवसांनी पुन्हा निघणार असेल तर उभी केल्या केल्या कॉक बंद. महिनाभर उभी राहणार असेल तर इंजिन चालू असतानाच कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबर रिकामं होऊन ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. मग आत पेट्रोल सुकून डिंकासारखा थर बसत नाही. आणि कॉक रात्रभर उघडा राहिलाच, तर सकाळी स्टार्टरला हात लावण्याआधी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर प्लग काढून इंजिन हँडलनं हातानं फिरवा, ऑइल काढून नवं भरा, आणि मगच गाडी लावा.