कोठारी आयोग

बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतच्या शिक्षणाचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र भारतातील पहिला आयोग. अधिकृत नाव ‘शिक्षण आयोग (१९६४–६६)’. त्याआधी राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांचा आणि मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांचा विचार केला होता; प्राथमिक शाळा मात्र दोहोंच्या कक्षेबाहेरच होत्या. पदार्थवैज्ञानिक व विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली हा सतरा जणांचा आयोग नेमला गेला. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका, सोव्हिएत संघ व जपान येथील तज्ज्ञही त्याचे सदस्य होते. २ ऑक्टोबर १९६४ रोजी काम सुरू झाले आणि २९ जून १९६६ रोजी अहवाल शिक्षणमंत्री महंमद करीम छागला यांच्या हाती पडला.

आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक (१९०७–८१) कोल्हापूर जिल्ह्यातले. खेड्यातील शाळा, प्रौढशिक्षण, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची उभारणी असा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. अहवालात खेड्यातल्या शाळेचा विचार इतक्या बारकाईने झाला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

सर्वसामान्यांना आयोग आठवतो तो १०+२+३ (दहा वर्षे शाळा, दोन वर्षे उच्च माध्यमिक, तीन वर्षे पदवी) या आकृतिबंधामुळे. महाराष्ट्रात तोवर अकरावीला मॅट्रिक होई. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. पहिली दहा वर्षे गणित व विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे, हीदेखील आयोगाचीच शिफारस. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या ‘बालभारती’मागेही त्याच्या सूचना होत्या.

परंतु अहवालाचा गाभा आकृतिबंधात नव्हता, तो समान शाळा पद्धतीत होता. चांगले शिक्षण हुशारी पाहून नव्हे, तर फी भरण्याची ऐपत पाहून मिळते आणि त्यामुळे शाळाच समाजातली दरी रुंदावतात, असे आयोगाने स्पष्ट नोंदवले. त्यावर सुचवलेला उपाय होता परिसर शाळेचा. वस्तीतल्या प्रत्येक मुलाने, मग ते कोणत्याही जातीचे, धर्माचे वा आर्थिक स्तरातले असो, वस्तीतल्याच शाळेत जावे. यात केवळ गरिबांचे हित पाहिलेले नव्हते. इतरांपासून तोडून वाढवलेल्या श्रीमंत मुलांचे शिक्षणही अपुरे राहते, हे आयोगाने आग्रहाने सांगितले. शिवाय वजनदार पालकांची मुले सरकारी शाळेत आली, तर ती शाळा सुधारण्याची निकड त्यांनाही वाटेल, असा व्यवहारी हिशेबही त्यामागे होता. हे एका वर्षात होणार नाही याची जाणीव असल्याने वीस वर्षांचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम आखून दिला होता.

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समान शाळा पद्धत स्वीकारल्याचे जाहीर केले, १९८६ च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला. सक्तीचा कायदा किंवा वेगळा निधी मात्र कधीच आला नाही. शिक्षण तेव्हा राज्यांच्या अखत्यारीत होते (केंद्र व राज्ये या दोहोंना कायदे करता येणाऱ्या समवर्ती सूचीत ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले), हे एक कारण खरे. पण निर्णय घेणाऱ्यांचीच मुले खाजगी शाळांत जात होती, हे त्याहून मोठे कारण मानावे लागते. दहावीची रचना बदलताना कुणाला काही सोडावे लागत नव्हते, परिसर शाळेसाठी सोडावे लागले असते.

इतर शिफारशींची गतही फारशी वेगळी नाही. १९८५–८६ पर्यंत शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, हा आकडा आजवर गाठलेला नाही. २०२० च्या धोरणातही तो उद्दिष्ट म्हणूनच आला. दहावीनंतरचे निम्मे विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळावेत, हेही साधले नाही. शेतात, कार्यशाळेत प्रत्यक्ष उत्पादक काम करावे या हेतूने सुचवलेला ‘कार्यानुभव’ बहुतेक शाळांत वेळापत्रकातली एखादी तासिका आणि प्रगतिपुस्तकातली श्रेणी होऊन राहिला. माध्यमिक शाळेभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा गुंफणारे शाळा संकुल २०२० च्या धोरणाने पुन्हा पुढे आणले आहे.

शिफारशींचे पुढे काय झाले, याचा झाडा नाईकांनी स्वतःच ‘एज्युकेशन कमिशन अँड आफ्टर’ या पुस्तकात घेतला. ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी २५ टक्के जागा राखल्या. परिसर शाळेच्या कल्पनेशी त्याचे नाते सांगितले जाते, पण दोहोंत मूलभूत फरक आहे. कायद्याने काही मुलांना खाजगी शाळेत जागा दिली. आयोगाला सर्व मुले एका शाळेत हवी होती.