तुकडा न काढता निदान : हृदयातल्या अमायलॉइडची पार्श्वभूमी

अमायलॉइड (अवयवांत साठत जाऊन त्यांचं काम बिघडवणारा पदार्थ) हे नावच मुळात चुकीचं. १८५४ मध्ये आयोडीनने रंग बदलला म्हणून तो पदार्थ स्टार्चच्या कुळातला ठरला. पाचच वर्षांत तो प्रथिनाचा निघाला, नाव मात्र चिकटून राहिलं. पुढे १९२०च्या दशकात कापड रंगवायचा काँगो रेड कामी आला. पोलराइज्ड प्रकाशात काचपट्टीवर हिरव्या सफरचंदासारखी झाक दिसली की शंका संपली.

पण त्यासाठी हृदयाच्या स्नायूचा तुकडा हवा, म्हणजे बायोप्सी. मानेच्या शिरेतून चिमटा हृदयात घालून तो काढायचा, तोही ऐंशीच्या घरातल्या, धाप लागलेल्या आजोबांचा! मग इकोत हृदयाची भिंत जाड दिसली की 'बीपीमुळे असेल' म्हणून फाइल बंद. भिंत एवढी जाड असून ईसीजीच्या रेघा बुटक्या कशा, किंवा दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (अमायलॉइड तिथेही साठून दबलेल्या नसेचं) ऑपरेशन आधीच कसं झालंय, हे फारसं कुणी विचारत नसे. रोग 'दुर्मिळ' राहिला तो असा.

२००५ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात हाडांच्या स्कॅनचं औषध ट्रान्सथायरेटिन (यकृतात बनणारं एक प्रथिन) प्रकारात हृदयात साठताना दिसलं, लाइट चेन (प्रतिपिंडाचा एक तुकडा) प्रकारात नाही. २०१६ मध्ये अनेक केंद्रांनी मिळून निकष मांडला : स्कॅनवर ग्रेड २ किंवा ३ (हृदय फासळ्यांइतकं किंवा त्याहून उजळ) आणि रक्त-लघवीत मोनोक्लोनल प्रथिन (एकाच पेशीकुळाने बनवलेलं, लाइट चेनची शंका आणणारं) नाही, तर बायोप्सी नको. खरी गोम त्या 'आणि'त आहे. नुसत्या स्कॅनची स्पेसिफिसिटी (हा प्रकार नसलेल्यांना 'नाही' म्हणण्याची अचूकता) ८६ टक्केच भरली. चुकीचे पॉझिटिव्ह बहुतेक लाइट चेनचे, म्हणजे ज्यांना तातडीने केमोथेरपी लागते, उशीर झाला तर काही महिन्यांत जातात, नेमके ते. छातीच्या फासळ्यांपेक्षा लख्ख उजळलेलं हृदय पडद्यावर दिसलं की त्या दुसऱ्या अटीचा विसर पडतो. माझ्या मते रक्ताचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय स्कॅनची चिठ्ठीच लिहू नये.

२०१८ मध्ये ट्रान्सथायरेटिन प्रकारावरच्या टॅफामिडिस या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. उपचार आहे म्हटल्यावर स्कॅन वाढले, चुकाही वाढल्या. नेहमीच्या बोन स्कॅनमध्ये टोचायचं एमडीपी हे औषध इथे भरवशाचं नाही. पीवायपी, डीपीडी किंवा एचएमडीपी लागतं. शिवाय स्पेक्ट (त्रिमितीय स्कॅन) न करता सपाट चित्रावर भागवलं, तर हृदयाच्या कप्प्यातलं रक्तच चमकतं आणि ते स्नायूत मुरलेलं वाटतं.

उतारवयात ट्रान्सथायरेटिनवाल्यांनाही निरुपद्रवी मोनोक्लोनल प्रथिन असू शकतं. तिथे २०१६चा निकष लागू होत नाही. पुन्हा चिमटा, पुन्हा काँगो रेड, आणि हिरवं दिसल्यावर ते प्रथिन कोणतं हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून ओळख पटवणाऱ्या तपासणीने) ठरवायचं.