पटलप्रथिने आणि पीएच.डी.नंतरची वर्षे : पुण्यातील संधींची पार्श्वभूमी

पाषाण किंवा गणेशखिंड परिसरातील एखाद्या प्रयोगशाळेची जाहिरात निघते तेव्हा तिच्यात प्रकल्पाचे लांबलचक नाव, पदाचे आखूड नाव आणि मुलाखतीची तारीख असते. प्रकल्पाच्या नावात ‘ट्रान्सपोर्टर’ (वाहक प्रथिन), ‘आयन चॅनल’ (आयनांची वाहिनी) किंवा ‘जीपीसीआर’ (पेशीला बाहेरचा संदेश पोहोचवणाऱ्या ग्राहींचा एक गट) असा शब्द असला, की काम पेशीपटलातील प्रथिनांच्या रचनेचे आहे हे जाणकार उमेदवाराच्या लगेच ध्यानात येते. पद नेमके कोणते आहे, हे मात्र त्याच्या नावावरून सहसा उमगत नाही. विषयाचा इतिहास वेगळा आणि पदाचा वेगळा. पुण्यात पीएच.डी.नंतर या क्षेत्रात राहू पाहणाऱ्याला दोन्हींशी जुळवून घ्यावे लागते.

विषयाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. पहिल्या प्रथिनाची त्रिमितीय रचना १९५८ मध्ये दिसली. पटलात रुतलेल्या प्रथिनाची पहिली आकृती त्यानंतर सतरा वर्षांनी, १९७५ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीतून मिळाली. मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या जांभळ्या पटलात हे प्रथिन निसर्गतःच शिस्तीत मांडलेले असल्यामुळे ते शक्य झाले. ती आकृती ७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे साधारण एका अणूएवढे अंतर; आकडा जितका लहान तितकी आकृती स्पष्ट) इतकीच स्पष्ट होती, आणि त्याच प्रथिनाचे अणुपातळीवरचे प्रारूप हाती यायला १९९० साल उजाडले. दरम्यान, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका जिवाणूच्या अभिक्रिया केंद्राचे स्फटिक १९८२ मध्ये तयार झाले, १९८५ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९८८ मध्ये त्या कामाला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे १९९८ मध्ये पोटॅशियम वाहिनी, २००० मध्ये गाईच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन आणि २००७ मध्ये ॲड्रेनालिनचा ग्राही (रिसेप्टर), अशी मालिका सुरू झाली.

जांभळ्या पटलातील एकाच प्रथिनासाठी १९७५ ते १९९० अशी लागलेली ती पंधरा वर्षे लक्षात ठेवावीत, कारण पीएच.डी.नंतरच्या पदाची मुदत दोन-तीन वर्षांची असते. पाण्यात विरघळणारे प्रथिन शुद्ध करताना संशोधक साध्या बफरवर (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणावर) भागवू शकतो. पटलप्रथिनाला त्याच्या मेदाच्या थरातून बाहेर काढायचे तर डिटर्जंट (मेद विरघळवणारा साबणासारखा पदार्थ) लागतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर, प्रत्येक बफरमध्ये, तो ठरावीक मात्रेच्या वर राखावा लागतो. मात्रा घसरली की प्रथिनाचे गठ्ठे होऊन ते तळाशी बसते. एक डिटर्जंट प्रथिनाला मानवतो, दुसरा त्याची घडी मोडतो, आणि कोणता मानवेल हे आधी सांगता येत नाही. लिटरभर संवर्धनातून हाती येणारे प्रथिन कित्येकदा मिलिग्रॅमच्याही खाली असते. म्हणून पहिले वर्ष जनुकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, निरनिराळ्या पेशी आणि निरनिराळे डिटर्जंट तपासण्यात जाणे हे या क्षेत्रात सामान्य मानले पाहिजे. प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात तेच वर्ष ‘प्रगती समाधानकारक नाही’ असे नोंदले जाऊ शकते, आणि त्यावरच उमेदवाराची मुदतवाढ अवलंबून असते.

पुण्याकडे या विषयाची पूर्वतयारी वेगळ्या वाटेने आली. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा १९५० सालची. उद्योगांना लागणारी विकरे (एन्झाइम) ही तिथल्या जीवरसायन विभागाची मोठी परंपरा. पेनिसिलिन व्ही असायलेज या विकराची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्या कामात इंग्लंडमधील यॉर्कच्या गटाबरोबर पुण्याचा वाटा होता. विद्यापीठाच्या आवारात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचे केंद्र आहे. महासंगणकाचा कार्यक्रम शहरात १९८८ मध्ये सुरू झाला आणि १९९१ मध्ये पहिला ‘परम’ तयार झाला. राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतून पाषाणला बसवलेला ‘परम ब्रह्म’ त्याच वाटेवरचा आहे. म्हणजे विद्राव्य विकरे आणि संगणकीय प्रारूपे या दोन्ही बाबतींत शहर मुरलेले होते. पटलप्रथिनांची ‘ओली’ (म्हणजे प्रत्यक्ष पेशी-द्रावणांवर काम करणारी) प्रयोगशाळा मात्र उशिरा उभी राहिली. २००६ मध्ये पाषाणला विज्ञान शिक्षण व संशोधनाची नवी संस्था आली, तेव्हा परदेशात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधनपद) करून परतलेल्या तरुण प्राध्यापकांना शहरात जागा मिळाली. तिथून पुढचा काळ मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण परतलेल्या माणसाला पोस्टडॉक म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक होते आणि त्याच्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात त्या नावाचा रकानाच नव्हता.

रकाना होता तो ‘रिसर्च असोसिएट’चा, म्हणजे ‘आरए’चा. या एका शब्दाने जितका गोंधळ केला आहे, तितका कोणत्याही डिटर्जंटने केला नसेल. पीएच.डी.नंतरच्या संशोधकाची सोय लावण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९५८ चा. परदेशातून परतणाऱ्यांना कायम जागा मिळेपर्यंत सामावून घेणारी ती योजना होती, आणि तिच्यातल्या माणसाला सगळे ‘पूल ऑफिसर’ म्हणत. त्या योजनेत पैसा माणसाच्या नावावर येत असे. ‘आरए’च्या पदात तो प्रकल्पाच्या नावावर येतो, आणि प्रकल्प संपला की पदही संपते. त्यातून २०१९ च्या केंद्रीय पत्रकाने आरएची पात्रता सांगितली ती अशी : पीएच.डी. किंवा समकक्ष पदवी, अथवा एम.टेक., एम.फार्म. यांसारख्या पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव आणि किमान एक शोधनिबंध. याचा अर्थ आरए हा पोस्टडॉक असेलच असे नाही. अनुभवी अभियंत्यांसाठी ही तरतूद न्याय्य आहे, यात शंका नाही, परंतु पीएच.डी. झालेल्या जीवरसायनशास्त्रज्ञाची ओळख तिने पुसट केली, हेही तितकेच खरे आहे.

जुलै २०२० मध्ये प्रकल्पांवरील मनुष्यबळासाठी आणखी एक पत्रक निघाले आणि गुंता वाढला. त्यानुसार पीएच.डी.धारकाला ‘वरिष्ठ प्रकल्प सहयोगी’ म्हणून ४२,००० रुपयांवर घेता येत होते, आणि ‘प्रकल्प शास्त्रज्ञ-१’ म्हणून ५६,००० रुपयांवरही. त्याच वेळी २०१९ च्या दरांनी आरए-१ ला (आरएच्या पहिल्या श्रेणीला) ४७,००० रुपये मिळत होते. एकच पदवी, एकच टेबल, एकच प्रथिन, आणि मासिक रकमा तीन. २०२३ मध्ये सुधारित दर आले, तेव्हा आरए-१ ची रक्कम ५८,००० झाली, म्हणजे २०२० च्या पत्रकातील प्रकल्प शास्त्रज्ञ-१ च्याही वर गेली. याशिवाय आरएला घरभाडे भत्ता केंद्राच्या नियमांप्रमाणे मिळतो; पुणे १ एप्रिल २०१४ पासून ‘एक्स’ या सर्वांत मोठ्या शहरांच्या वर्गात गेल्यामुळे तो मोठ्या शहराच्या दराने मोजला जातो. बाणेर-पाषाण भागात भाड्याने राहणाऱ्याला हा तपशील किरकोळ वाटणार नाही.

रकमेपेक्षा नावाचा परिणाम दूरगामी होतो. युरोप-अमेरिकेतल्या गटाकडे अर्ज करताना ‘असोसिएट’ हा शब्द पाहून तिथल्या निवड समितीला तो तांत्रिक साहाय्यकाचा हुद्दा वाटू शकतो, आणि उमेदवाराला आपण दोन वर्षे स्वतंत्र संशोधन केले हे वेगळे पटवून द्यावे लागते. स्वतःच्या नावावर मिळणारी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) ही अडचण टाळते, पण तिची मुदत दोन वर्षांची आणि वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षांची ठेवली गेली. पटलप्रथिनावरच पीएच.डी. केलेला विद्यार्थी, वर सांगितलेल्या कारणांमुळे, आधीच उशिरा मोकळा होतो. या निर्णयात सर्व जीवविज्ञान एकाच मापाने मोजले गेले, आणि ते चुकीचे होते असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत विषयच बदलला. २०१३ मध्ये तिखटाची जळजळ ओळखणाऱ्या वाहिनीची रचना स्फटिकाशिवाय, नमुना गोठवून पाहणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने, ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली. इलेक्ट्रॉन थेट टिपणारे संवेदक (डिटेक्टर) आले होते, त्यामुळे हे साधले. या तंत्राला २०१७ चे नोबेल मिळाले, आणि त्याच सुमारास बेंगळुरूत या तंत्राची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. पुण्यातल्या उमेदवारासाठी त्याचा अर्थ असा, की गोठवलेल्या ग्रिड (नमुना धरणाऱ्या बारीक जाळ्या) ड्राय शिपरमध्ये, म्हणजे अतिथंड वाहतूकपात्रात, घालून नेण्याचा मार्ग देशातच खुला झाला. तोवर चांगल्या मोजमापांसाठी इंदूरचा सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारे यंत्र) किंवा परदेशातला बीमटाइम (अशा यंत्रावर मिळणारा वेळ) यांकडे पाहावे लागे. स्फटिकाची गरज संपली, नमुन्याची संपली नाही. डिटर्जंटऐवजी नॅनोडिस्क (प्रथिनाला धरून ठेवणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म चकत्या) वापरले तरी पहिले वर्ष तसेच जाते.

मग २०२० मध्ये अमिनो आम्लांच्या क्रमावरून रचनेचे भाकीत करणारी संगणकप्रणाली (अल्फाफोल्ड-२) आली, आणि २०२४ मध्ये तिच्या कर्त्यांना नोबेल मिळाले. आता रचनाशास्त्रात पोस्टडॉक कशाला, असा प्रश्न मुलाखतींमधूनही विचारला जाऊ लागला. त्याचे उत्तर वाहक प्रथिनांच्या कार्यपद्धतीत आहे. वाहक एकदा पेशीच्या आत तोंड करतो, एकदा बाहेर, आणि औषध त्यांपैकी एखाद्याच अवस्थेत त्याला पकडते. भाकीत बहुतेकदा एक अवस्था दाखवते. उरलेल्या अवस्था प्रयोगाने पकडायच्या आणि त्यांमधला प्रवास संगणकावर तपासायचा, असे दुहेरी काम आता अपेक्षित आहे, आणि ओली प्रयोगशाळा व महासंगणक एकाच रस्त्यावर असलेल्या पाषाणला ते सोयीचे आहे. २०२३ च्या कायद्याने संशोधन निधीसाठी नवे राष्ट्रीय प्रतिष्ठान (एएनआरएफ) स्थापन झाले आणि आधी निधी देणाऱ्या मंडळाच्या (एसईआरबी) योजना त्याच्याकडे गेल्या. प्रकल्पावरची नेमणूक मात्र अजूनही बहुधा एका वर्षाच्या पत्रानेच होते, आणि पहिला वापरण्याजोगा नमुना हाती येण्याच्या सुमारास उमेदवाराला मुदतवाढीचा अर्ज लिहायला बसावे लागते.