आपल्या बोर्डासाठी लिनक्स: आम्ही काय बनवतो, हातात काय देतो

‘मशीनमधल्या बोर्डाच्या मेमरी कार्डावर डेबियन हे तयार लिनक्स टाकलं, आमचा प्रोग्राम चालतोय. मग वेगळ्या लिनक्सचे पैसे कशाला?’ बहुतेक ग्राहक हे विचारतात, आणि विचारायलाच हवे. प्रदर्शनात दोन-चार नमुने मांडायचे असतील तर डेबियनच वापरा, आमची गरज नाही. अडचण येते ती माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर.

कारखान्यात लाइट जाते, ऑपरेटर मेन स्विच खाडकन पाडतो. नेमके तेव्हाच कार्डावर काही लिहिले जात असेल तर फाइल सिस्टिम बिघडू शकते, मग मशीन उठतच नाही. म्हणून आमच्या इमेजमध्ये (कार्डावर टाकायच्या पूर्ण सिस्टिममध्ये) मूळ सिस्टिम फक्त वाचता येते. सेटिंग आणि नोंदी वेगळ्या पार्टिशनवर जातात. सिस्टिमच्या दोन प्रती असतात. अपडेटनंतर नवी चालू झाली नाही, तर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) जुनीवर परत येतो.

इमेज बनवण्याचे काम बोर्डावर बसून होत नाही. बीगलबोन ब्लॅक या छोट्या बोर्डाला १ गिगाहर्ट्झचा एकच कोअर आणि ५१२ एमबी रॅम. त्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल करणे, म्हणजे सोर्सपासून (मूळ कोडपासून) चालणारा प्रोग्राम बनवणे, म्हणजे तासन्‌तास वाट बघणे. आम्ही ऑफिसातल्या इंटेल पीसीवर एआरएमसाठीचा (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या प्रकारासाठीचा) कोड बनवतो, म्हणजेच क्रॉस-कंपाइल करतो.

आपल्या प्रोग्रामरची ठरलेली तक्रार: ‘माझ्याकडे चालतो, बोर्डावर नाही.’ ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसली तर बहुधा प्रोग्राम इंटेलसाठीच बनला आहे, सोपे प्रकरण. ‘जीलिबसी २.३४ नॉट फाउंड’ मात्र चकवते. जीलिबसी म्हणजे प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी. कंपायलर एआरएमचाच असतो, पण तो उबुंटू २२.०४ मधला, जिथे जीलिबसी २.३५ आहे, आणि बोर्डावर डेबियन ११, जिथे जुनी २.३१. यासाठी इमेजसोबत आम्ही एसडीके (प्रोग्राम बनवायचा साधनसंच) देतो. त्यातला कंपायलर आणि लायब्ररी इमेजशी जुळणाऱ्याच असतात. प्रोग्राम त्यानेच बनवा, पीसीवरच्या दुसऱ्या कंपायलरने नको.

बिल्डरूट की योक्टो? दोन्ही अशी सिस्टिम बनवायचीच साधने. एकच मॉडेल असेल तर आम्ही बिल्डरूट सुचवतो. छोटी सिस्टिम चांगल्या पीसीवर तासाभरात बनते आणि आपल्या माणसालाही समजते. एकाच घराण्यातली पाच-सहा मॉडेल काढायची असतील तर योक्टो. पण त्याला डिस्कवर ९० जीबीहून जास्त जागा आणि शिकायला बराच वेळ लागतो. हौस म्हणून घेऊ नका.

काम संपल्यावर नुसती इमेज देत नाही. कॉन्फिगरेशन, पॅचेस (कोडमध्ये केलेले बदल) आणि डाउनलोड केलेला सगळा सोर्स आपल्या ताब्यात देतो. पुढे आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडे गेलात तरी तीच सिस्टिम पुन्हा बनवता येईल. शिवाय कर्नल आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या नेहमीच्या कमांडचा संच) जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत. उपकरण विकताना त्यांचा सोर्स देण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि तो गठ्ठाही यातूनच निघतो.

कोटेशनसाठी बोर्डाचा सर्किट डायग्राम, डिस्प्लेचे मॉडेल आणि मशीन किती सेकंदांत चालू व्हायला हवे ते कळवा. प्रोसेसर अजून ठरला नसेल तर ऑर्डर देण्याआधी फोन करा. मुख्य कर्नलमध्ये त्याचा सपोर्ट आहे का, ते आम्ही बघून सांगू.