मोनेचा सूर्य कृष्णधवल केला तर?

मोबाइलवर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे चित्र उघडा आणि फोटो एडिटमध्ये जाऊन त्यातले सगळे रंग काढून टाका. फ्रान्समधल्या ल आव्र बंदरावरचं धुकं दिसेल, पुढची काळी होडीही ठसठशीत दिसेल; सूर्य मात्र जवळपास गायब! खरा सूर्य आभाळापेक्षा कितीतरी झगझगीत असतो. मोनेने तो भोवतालच्या करड्या ढगांइतकाच उजळ रंगवला. फरक ठेवला तो फक्त रंगाचा.

यामागचं कारण हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी उलगडलं. डोळ्यांनी टिपलेलं दृश्य मेंदू एकाच ठिकाणी तपासत नाही. वस्तू कुठे आहे, हलतेय का, हे पाहणारी यंत्रणा केवळ उजेड-अंधारातल्या फरकावर चालते. रंगांच्या बाबतीत ती जवळजवळ आंधळी. रंग ओळखणारी यंत्रणा निराळी. तिला नारिंगी गोळा स्वच्छ दिसतो, पण जागा ठरवणारीच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून तो सूर्य एका जागी ठरत नाही, किंचित थरथरतोय असं वाटतं.

मोनेला हे मेंदूविज्ञान ठाऊक असणं शक्यच नव्हतं. रंगांचं शास्त्र मात्र चर्चेत होतं. गोब्लँच्या गालिचा कारखान्यातले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्येच लिहून ठेवलं होतं की शेजारचे रंग एकमेकांना बदलतात. निळ्याजवळ नारिंगी जास्तच पेटतो. १८४१ मध्ये रंगांची धातूची ट्यूब आली आणि तैलरंग घेऊन मोकळ्या हवेत चित्र रंगवणं सोपं झालं.

१८७४ मध्ये पॅरिसला हे चित्र मांडलं गेलं, तेव्हा समीक्षक लुई लरॉय यांनी याच्यापेक्षा अर्धवट वॉलपेपर बरा, अशी खिल्ली उडवली. कलेच्या इतिहासात दृक्प्रत्ययवादाची (मोने आणि त्याच्या सोबत्यांच्या ‘इम्प्रेशनिझम’ या चित्रशैलीची) गोष्ट सहसा इथूनच, सलों या पॅरिसच्या प्रस्थापित चित्रप्रदर्शनाविरुद्धचं बंड म्हणून सांगतात. मला ती अपुरी वाटते. बंड होतंच, पण हे चित्रकार आधी डोळे लावून बघत बसले होते, हे त्यात हरवतं.

किती नेमकं बघितलं होतं, याचा हिशोब अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी मांडला. सूर्याची दिशा आणि उंची, मोठी जहाजं आत येण्याइतकी भरती, त्या काळच्या हवामानाच्या नोंदी, धुराचा कल हे सगळं जुळवल्यावर त्यांच्या मते सर्वाधिक शक्यता उरते ती १३ नोव्हेंबर १८७२ची, सकाळी साडेसातच्या सुमाराची. चित्रात पहाट आहे की सूर्यास्त, या जुन्या वादातही त्यांचा कौल पहाटेलाच.