घरामागचं टर्फ कोर्ट

घराच्या मागच्या मोकळ्या जागेत कृत्रिम गवत टाकून, भोवती जाळी बांधून खेळायला जी जागा करतात तिला आपल्याकडे नुसतं टर्फच म्हणतात. आधी तासावर भाड्याने मिळणारी बॉक्स क्रिकेटची टर्फ शहरांत आणि मग तालुक्याच्या गावांतही झाली, आणि ती बघून बंगलेवाले, फार्महाऊसवाले घरीच करून घ्यायला लागले.

गवताचा इतिहास अमेरिकेतला आहे. १९६४ मध्ये प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राऊन शाळेत ते टाकलं गेलं, पण नाव झालं १९६६ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममुळे. त्या बंद स्टेडियमच्या छताच्या काचा रंगवल्यावर खालचं खरं गवत मेलं, म्हणून प्लास्टिकचं आणलं, त्यावरूनच अ‍ॅस्ट्रोटर्फ हे नाव पडलं. आपल्याला ते जास्त आठवतं १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमुळे, हॉकी पहिल्यांदा टर्फवर झाली आणि भारत सातवा आला.

घरी करताना पहिला प्रश्न जागेचा. क्रिकेटची खरी पिच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, तेवढी लांबी बंगल्याच्या मागे क्वचितच असते, त्यामुळे बरेच जण ४० बाय २० फुटांवर भागवतात आणि टेनिस बॉलने अंडरआर्म खेळतात, लहान मुलांच्या फुटबॉललाही ते पुरतं. सगळे खेळ एकाच टर्फवर बसवायचा मोह मात्र टाळावा. बास्केटबॉल गवतावर नीट टप्पा घेत नाही, पिकलबॉलचा हलका प्लास्टिकचा बॉल तर आणखीच मरतो, या खेळांना कडक कोर्टच लागतं. गवताची उंचीही खेळाप्रमाणे बदलते, क्रिकेटच्या पिचला ९ ते १२ मिमीचं आखूड दाट गवत आणि फुटबॉलला ४०-५० मिमीचं, ज्यात वाळू आणि रबराचे दाणे भरतात. घरी क्रिकेट जास्त होणार असेल तर उंच गवत घेऊ नये, बॉल त्यात अडकल्यासारखा होतो.

पण गवत ही शेवटची गोष्ट आहे, टर्फ टिकतं की नाही ते खालच्या थरावर ठरतं, आणि लोक नेमके तिथेच पैसे वाचवतात. देशावर काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसती खडी पसरून गवत टाकलं तर एका पावसाळ्यात खड्डे-उंचवटे दिसायला लागतात. म्हणून आधी निदान ८-९ इंच माती काढायची (काळी खोल असेल तर जास्तच), तळ दाबायचा, मातीत खडी रुतू नये म्हणून जिओटेक्स्टाइल कापड टाकायचं, वर खडीचा थर आणि सगळ्यात वर बारीक ग्रिट. हिशोब सोपा आहे, ४० बाय २० जागेत ६ इंचाचा थर म्हणजे ४०० घनफूट, म्हणजे ४ ब्रास, आणि रोलरखाली माल बसतो म्हणून मागवताना त्याहून जास्त मागवावा. सगळी खडी एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचाच भाग घट्ट होतो, २-३ इंचांचे थर करून प्रत्येक थरावर पाणी मारून दाबावं लागतं. उतार शंभराला एक पुरतो, २० फूट रुंदीला साधारण अडीच इंच, आणि तो लेव्हलच्या नळीने तपासून घ्यायचा, नजरेने नाही. उताराच्या खालच्या कडेला चर काढून भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप टाकला की पाणी बाहेर जातं. ते शेजाऱ्याच्या कंपाउंडखाली जाणार नाही हे आधीच बघावं. कोकणात जांभ्यातून पाणी लवकर जिरतं, पण पाऊसच इतका की पाइप तिथेही हवाच.

गवताचे रोल उन्हात थोडा वेळ पसरून ठेवले की सुरकुत्या जातात. सगळ्या रोलचं गवत एकाच दिशेला झुकलेलं पाहिजे, नाहीतर शेजारचे पट्टे वेगवेगळ्या रंगाचे दिसतात. सांध्याखाली टेप आणि त्यावर चिकटवायचा गोंद, त्याला कोरडी हवा लागते, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर आणि पावसाआधी उरकतात. कडेला सिमेंटचा कर्ब करून जीआय पाइपचे खांब काँक्रीटमध्ये रोवतात आणि नायलॉनची जाळी बांधतात, जाळी वरूनही झाकली की बॉल शेजारी जात नाही.

वाईट बाजूही नीट माहीत पाहिजे. हे गवत भर उन्हात ६० अंशांच्या वर तापू शकतं, एप्रिल-मेमध्ये दुपारी पोरांना अनवाणी सोडू नये, पाणी मारलं तरी गारवा थोडाच वेळ टिकतो. टायरपासून केलेले रबराचे दाणे पावसाबरोबर गटारात जातात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये असे दाणे टप्प्याटप्प्याने बंद करायचा नियम केला, खेळाच्या मैदानांसाठी मुदत २०३१ पर्यंत आहे. घरी तर नुसती धुतलेली सिलिका वाळूच भरावी असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लडलाइट लावणाऱ्यांनी आवाजाचंही भान ठेवावं, निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि जोरात ओरडणारी चार मुलं ती सहज ओलांडतात.

देखभाल म्हणजे पाला काढणं, झोपलेलं गवत नायलॉनच्या ब्रशने उलट दिशेने उभं करणं (तारेचा ब्रश अजिबात नाही), सावलीच्या कोपऱ्यात पावसाळ्यात शेवाळ धरतं ते वेळीच घासणं. सगळ्यात जास्त जपायचं ते आगीपासून. भुईनळा किंवा फुलबाजीची ठिणगी पडली की पाती वितळून काळा कडक डाग होतो आणि तो निघत नाही, तेवढा तुकडा कापून नवा चिकटवावा लागतो. पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही, म्हणून काम संपल्यावर उरलेला तुकडा कंत्राटदाराला नेऊ न देता माळ्यावर गुंडाळून ठेवावा.